दोन वर्षांची थकबाकी

बँकेतली नोकरी संपून काही वर्षे झाली, पण जुन्या सवयी काही सुटत नाहीत. हॉटेलचे बिल आले की नजर आधी बेरजेवर जाते. एखादी कादंबरी वाचताना नायकाचा पगार किती आणि तो राहतो त्या घराचे भाडे किती, याचा मेळ मनातल्या मनात घातला जातो. स्वतः कादंबऱ्या लिहितानाही या सवयीने मला बरेच छळले आहे. इतिहासाचे पुस्तक हाती घेतले तरी तेच. लढाईच्या वर्णनापेक्षा तिचा खर्च कोणी केला, हे आधी शोधावेसे वाटते.

गेल्या पावसाळ्यात ओझरच्या घरी बसून नाशिक जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर चाळत होतो. १८८३ साली मुंबई सरकारने छापलेला हा जाडजूड ग्रंथ. त्यातल्या १८५७ च्या धामधुमीच्या भागात एका वाक्यापाशी अडलो. पन्नासेक माणसे घेऊन सरकारविरुद्ध दबा धरून बसलेल्या एका भिल्ल नाइकाकडे मामलेदारांनी निरोप धाडला की शरण ये. त्याने उलट कळवले, की माझा दोन वर्षांचा थकलेला पगार द्या आणि माझ्या पोटापाण्याची काही व्यवस्था लावा, त्याशिवाय येणार नाही.

१८५७ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मंगल पांडे येतात, झाशीची राणी येते, तात्या टोपे येतात. शाळेतल्या धड्यांनी आणि गणेशोत्सवातल्या देखाव्यांनी ही चित्रे आपल्या मनात पक्की केली आहेत. त्या चित्रांत पगाराची थकबाकी मागणारा माणूस कुठे बसवावा, हे चटकन कळत नाही. पण ज्याने आयुष्यभर येणे-देणे तपासले, त्याला हा माणूस फार ओळखीचा वाटला.

त्याचे नाव भागोजी नाईक. गाव सिन्नर तालुक्यातले नांदूर शिंगोटे. आमच्या ओझरहून नाशिक, तिथून सिन्नर आणि पुढे पुण्याच्या रस्त्याने गेले की हे गाव लागते. पुण्याला जाता-येता आपल्यापैकी कित्येकांनी तिथे चहा घेतला असेल.

भागोजी पूर्वी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, पोलिसात अंमलदार होता. नाशिक हा वेगळा जिल्हा १८६९ साली झाला; तोवर हा मुलूख नगरकडेच होता. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा केल्याच्या आरोपावरून भागोजीला शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन त्याच्याकडून घेतला गेला. तो वर्षभराचा काळ संपतो न संपतो तोच उत्तरेतल्या उठावामुळे घाबरलेल्या सरकारने सर्वत्र हत्यारे काढून घेण्याचा हुकूम काढला. भागोजी गाव सोडून निघाला. वजनदार माणूस, पाहता पाहता पन्नासेक भिल्ल त्याला येऊन मिळाले. गावापासून मैलभरावर, पुणे-नाशिक रस्ता माऱ्यात येईल अशी जागा धरून तो बसला.

४ ऑक्टोबर १८५७. दिल्ली इंग्रजांनी परत घेतली त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. नगरचे पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री नांदूर शिंगोट्याला पोचले. त्यांचे सहायक लेफ्टनंट थॅचर आणि टपालखात्याचे एक अधिकारी टेलर हेही येऊन मिळाले. हेन्रींनी सिन्नर आणि अकोले इथल्या मामलेदारांना सांगितले, त्याला समजावून पाहा. मामलेदारांनी निरोप पाठवला, वर सांगितलेला जबाब आला, आणि पोलिसांना पुढे सरकण्याचा हुकूम झाला. भिल्लांच्या पहिल्याच गोळीने हेन्रींच्या शेजारचा माणूस पडला. अधिकारी घोड्यांवरून उतरले. हेन्री बंदूक घेऊन सर्वांच्या पुढे झाले, जखमी झाले, तरी थांबले नाहीत. अखेर छातीत वर्मी घाव बसून मारले गेले. थॅचर यांनी हल्ला चालू ठेवला आणि भिल्ल मागे हटले.

लढाई म्हणून पाहिले तर एवढीच. मोठ्या युद्धाच्या नकाशावर तिला टिंबही मिळणार नाही. पण या चकमकीच्या बातमीने साऱ्या भिल्ल मुलखात खळबळ उडाली आणि पुढची दोन वर्षे सिन्नर, संगमनेर, अकोले, राहुरी, नांदगाव हा सगळा टापू धुमसत राहिला.

आता त्या दोन वर्षांच्या पगाराकडे येतो. माझा हिशेब सरळ आहे. १८५५ मध्ये शिक्षा, मग तुरुंग, मग वर्षभराचा जामीन, आणि १८५७ चा ऑक्टोबर. भागोजी ज्या दोन वर्षांचा पगार मागत होता, ती बहुधा हीच दोन वर्षे. सरकारच्या वहीत या काळात तो नोकर नव्हता, गुन्हेगार होता. तेव्हा येणे शून्य. भागोजीच्या हिशेबी आपल्यावर अन्याय झाला होता, म्हणून नोकरी तुटलीच नव्हती. तेव्हा येणे पुरे दोन वर्षांचे. एकच खाते, दोन वह्या, आणि दोन्ही वह्यांची शिल्लक वेगळी.

खरे सांगायचे तर तो अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मीही नामंजूर केला असता. ‘नियमात बसत नाही’ एवढे तीन शब्द लिहून खाली सही केली असती. पण त्या जबाबाचे दोन भाग होते. दुसरा भाग होता पोटापाण्याच्या व्यवस्थेचा. त्यावर बोलता आले असते. जमिनीचा तुकडा, गावची एखादी जबाबदारी, काहीतरी. पहिला भाग नामंजूर करताना दुसराही आपोआप नामंजूर झाला, कारण अर्ज एकच होता आणि अर्जदार टेकडीवर बसला होता.

हे मी इतक्या खात्रीने म्हणतो, कारण असाच एक अर्ज मी स्वतः नीट न वाचता बाजूला ठेवलेला आहे. १९८७ च्या सुमाराची गोष्ट. सिन्नर तालुक्यातल्या एका शाखेत मी नवा अधिकारी होतो. शाखेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस; म्हशी, शेळ्या, शिलाई यंत्रे यांची कर्जे धडाक्याने वाटली जात. आदिवासी कर्जदाराला निम्मे अनुदान असे. एका भिल्ल वस्तीवरच्या माणसाला म्हशीसाठी कर्ज दिलेले होते आणि त्याचे हप्ते थकले होते. वसुलीची मोहीम चालू होती. मी नोटीस काढली.

आठवड्याने तो आला. पटक्याच्या टोकात बांधलेली नोटीस त्याने टेबलावर उलगडली. वाचता येत नव्हते, पण कागद सरकारी आहे हे कळत होते. मी नेहमीचे बोललो. हप्ता भरा, नाहीतर जप्ती येईल. तो शांतपणे म्हणाला, “सायेब, माझं येनं आधी द्या, मंग देनं मागा.” मला वाटले, हा काहीतरी फाटे फोडतो आहे. पुढच्या माणसाला बोलावले.

पंधरा दिवसांनी तपासणीच्या तयारीत संकीर्ण खात्याच्या नोंदी उलगडत बसलो, तेव्हा त्याचे अनुदान सापडले. सरकारकडून ते केव्हाच आले होते. कोणाच्या खात्यात टाकायचे हे त्या दिवशी कारकुनाला उमगले नाही, म्हणून तात्पुरते संकीर्णात टाकले आणि तिथेच राहिले. जवळजवळ दोन वर्षे. तेवढ्या काळात त्या रकमेवर आम्ही त्याच्याकडून व्याजही लावून घेतले होते. मी रक्कम जमा केली, व्याज उलटवले, खाते जवळपास मिटले. निरोप द्यायला शिपाई वस्तीवर गेला तर झोपडीला कुडाचे दार लावलेले. नोटिशीच्या धास्तीने त्याने म्हैस विकली होती आणि बिऱ्हाड घेऊन तो ऊसतोडीला गेला होता. तो पुन्हा शाखेत आला नाही. तपासणीच्या अहवालात या प्रकाराचा उल्लेख नाही; वही जुळली होती ना! नोटिशीवर सही मात्र माझी होती.

तेव्हा त्याच्या हातात टेकडी नव्हती आणि पन्नास माणसेही नव्हती. म्हणून ती गोष्ट म्हशीवर निभावली.

नांदूर शिंगोट्याच्या लढाईला काय म्हणायचे? इंग्रजांनी बंड म्हटले, आपण स्वातंत्र्यसमर म्हणतो. दोन्ही शब्दांमागे आपापली कारणे आहेत. पण तिथे प्रत्यक्ष उभी असलेली माणसे मोजा. सरकारच्या बाजूने गोरे मोजके, हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. बाकीचे पोलीस इथलेच. निरोप पोचवणारे मामलेदार इथलेच. समोरचा भागोजी कालपर्यंत त्याच पोलिसातला. आपल्या भाषेत अशा लढाईला एक जुना शब्द आहे, यादवी. महाभारताच्या मौसलपर्वात प्रभासक्षेत्री यादवांनी एकमेकांना मारले. हाताशी शस्त्र नव्हते तेव्हा किनाऱ्यावरचे गवत उपटून मारले. त्यावरून हा शब्द आला.

पुढे जे घडले त्याने हा शब्द अधिकच खरा केला. १८ ऑक्टोबरला अकोल्याकडच्या समशेरपूरच्या डोंगरात दुसरी चकमक झाली. हेन्रींच्या जागी आलेले मेजर माँटगोमेरी यांच्या लक्षात आले की भिल्लांच्या मागे डोंगर तुडवायला पलटणी उपयोगाच्या नाहीत. त्यांनी महादेव कोळ्यांची भरती सुरू केली. गॅझेटिअर मोकळेपणाने सांगते की कोळी हे भिल्लांचे पिढीजात प्रतिस्पर्धी, म्हणून त्यांना निवडले. लेफ्टनंट नट्टल यांच्या हाताखाली सुमारे ६०० जणांची कोळी पलटण उभी राहिली.

आता गंमत पाहा. याच अकोल्याच्या डोंगरांतून दहा-बारा वर्षांपूर्वी महादेव कोळ्यांनी राघोजी भांगरे यांच्या मागे जाऊन इंग्रजांशी झुंज घेतली होती. राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. म्हणजे ज्यांचा नायक फासावर गेला, त्यांच्याच गावातली पोरे नऊ वर्षांनी सरकारी बंदूक घेऊन भिल्लांच्या मागे निघाली. त्यांना दोष द्यायला मी धजणार नाही. नियमित पगाराची नोकरी चालून आली होती, आणि भागोजीही हेच तर मागत होता. एकाला नाकारलेला पगार दुसऱ्याला देऊन त्या दोघांना झुंजवले गेले.

तोवर जुन्या वैराला नव्या बंदुका मिळाल्या होत्या. २० जानेवारी १८५८ रोजी नांदगावजवळच्या मांडवड इथे दाट झाडीत लपलेल्या भिल्लांवर माँटगोमेरींनी हल्ला केला आणि स्वतःच जखमी झाले. त्यांचा एक लेफ्टनंट प्राणास मुकला. जुलै १८५९ मध्ये संगमनेरजवळच्या आंभोरे दऱ्यात भागोजीचा मुलगा यशवंत मारला गेला. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यातल्याच मिठसागरे गावाजवळ फ्रँक सूटर या पोलीस अधिकाऱ्याने भागोजीला गाठले आणि तिथे त्याचा शेवट झाला. हेच सूटर पुढे, १८६४ साली, मुंबईचे पोलीस कमिशनर झाले. कोळी पलटण मार्च १८६१ मध्ये मोडली. थोडेसे पोलिसात गेले, बाकीचे पुन्हा आपल्या नांगराकडे आणि मोलमजुरीकडे. पुढच्याच महिन्यात तिकडे अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांची मोठी यादवी सुरू झाली.

एका बाजूला दोन वर्षांचा एका नाइकाचा पगार. दुसऱ्या बाजूला एक सुपरिंटेंडेंट, एक लेफ्टनंट, कित्येक शिपाई, शेकडो भिल्ल, साडेतीन वर्षे पोसलेली पलटण आणि दोन जमातींमध्ये पेरलेले वैर. कोणताही लेखापरीक्षक या व्यवहारावर लाल शाईने शेरा मारील. इतिहासात असे शेरे मारायला कोणी येत नाही.

वाचक म्हणतील, हे सगळे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे, आज त्याचे काय? मलाही तसे वाटले असते. पण मी ओझरला राहतो. आमच्या पश्चिमेला दिंडोरी, त्यापलीकडे पेठ आणि सुरगाणा. १८५७ मध्ये पेठलाही उठाव झाला होता आणि तिथल्या भगवंतराव राजांना इंग्रजांनी फाशी दिले. त्याच पेठ-सुरगाण्यातली माणसे मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघाली. हजारो स्त्री-पुरुष, हातात लाल झेंडे, पायांना फोड. दहावीच्या मुलांची परीक्षा होती म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला, आणि मुंबईकरांनी त्यांना पाणी आणि बिस्किटे दिली, हे आपल्याला आठवत असेल.

त्यांची मुख्य मागणी काय होती? २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली जमीन, चार हेक्टरच्या मर्यादेत, नावावर करून द्या. कायदा संसदेने केला आहे, दावे दाखल आहेत, पण कोणाचा दावा फेटाळलेला, कोणाचा पडून, कोणी दीड एकर कसतो आणि पट्टा मिळाला पाच-दहा गुंठ्यांचा. मला माझे संकीर्ण खाते आठवले. रक्कम मंजूर आहे, आलेली आहे, फक्त ज्याची त्याच्या नावावर पडलेली नाही. सरकारने तेव्हा लेखी आश्वासन दिले आणि मोर्चा परतला. मार्च २०२३ मध्ये पुन्हा दिंडोरीहून मोर्चा निघाला आणि वाशिंदपर्यंत गेला. मागण्यांच्या यादीत वनजमीन पुन्हा होतीच. तीच थकबाकी मागायला लोक दुसऱ्यांदा चालत निघतात तेव्हा मधल्या काळात वही कोणी उघडली नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

दरवेळी एक प्रश्न हटकून विचारला जातो, यांच्यामागे कोण आहे? गॅझेटिअरही लिहिते की भिल्लांना ब्राह्मणांनी चिथावले. २०१८ च्या मोर्चामागे शहरी माओवाद्यांची फूस असल्याचे बोलले गेलेच. चिथावणी कुठेच नसते असे मी म्हणणार नाही. संघटना असतात, पुढारी असतात, त्यांची गणितेही असतात. पण माझा बँकेतला अनुभव असा की ज्याचे खाते चोख आहे, त्याला कोणी कितीही चिथावले तरी तो काउंटरवर येऊन ओरडत नाही. प्रश्न विचारायचाच असेल तर आधी त्याचे येणे किती आहे, हे पाहावे. मागे कोण आहे ते नंतर पाहता येते.

आणखी एक तारीख सांगतो. ४ ऑक्टोबर २०२४. नांदूर शिंगोट्याच्या लढाईला त्या दिवशी बरोबर १६७ वर्षे झाली. त्या दिवशी विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष आणि आमच्या शेजारच्या दिंडोरीचे आमदार नरहरी झिरवाळ यांनी काही आदिवासी आमदारांसह मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून खालच्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. पेसा क्षेत्रातली रखडलेली भरती करा, आणि धनगर समाजाला अनुसूचित जमातींमध्ये घेऊ नका, या त्यांच्या मागण्या. तारखेचा योगायोग केवळ योगायोग आहे, त्यात काही शोधू नये. पण मागण्या पाहा. पुन्हा नोकरी. पुन्हा पोटापाण्याची व्यवस्था. आणि पुन्हा दोन गरीब समाज समोरासमोर.

धनगर समाजाची मागणीही जुनी आहे आणि त्यांच्या वाड्यांवरची गरिबी काही खोटी नाही. दोघांचेही येणे सरकारकडे आहे. पण एकाचे येणे दुसऱ्याच्या नावे टाकून भागवायचे ठरवले, की सरकार बाजूला होते आणि दोन समाज एकमेकांची वही तपासू लागतात. माँटगोमेरींनी ते बंदुकीने केले. आज ते शासन-निर्णयाच्या एका परिच्छेदाने होऊ शकते. करणाऱ्याच्या मनात तसे नसेलही. त्या कारकुनाच्या मनातही वाईट काही नव्हते.

उपाय काय, असे विचाराल तर माझ्याजवळ मोठे तत्त्वज्ञान नाही. फेटाळलेल्या प्रत्येक दाव्याचे कारण दावेदाराला त्याच्या भाषेत, लेखी कळवावे. लेखी आश्वासन दिले की त्यावर तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहावे. संकीर्णात पडलेल्या रकमा जशा आम्ही दर महिन्याला तपासायला नंतर शिकलो, तसे पडून असलेले दावे तहसीलवार जाहीर वाचावेत. आणि दोन मागण्यांपैकी एक नियमात बसत नसेल तर दुसरी तरी स्वतंत्रपणे पाहावी. हे कंटाळवाणे काम आहे. त्याचे देखावे होत नाहीत.

दिवाळीनंतर एकदा नातवाला घेऊन नांदूर शिंगोट्याला जाऊन आलो. रस्ता आता रुंद आहे, गाड्या सुसाट जातात. मी त्याला टेकड्या दाखवल्या, भागोजीची गोष्ट सांगितली. हेन्री मारला गेला तो भाग त्याने डोळे विस्फारून ऐकला. मग थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले, “आजोबा, पण त्याला ते पैसे शेवटी मिळाले का?”

“नाही,” मी म्हणालो. बँकेत पस्तीस वर्षे घालवलेल्या माणसाला हे सांगताना थोडे अवघडच वाटले.